ऐंशी किलोमीटरच्या सायकलचा हिशेब

सोसायटीचा, शाळेतल्या मित्रांचा, नातेवाइकांचा, कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, हा मेसेज येऊन गेलेला असतो. शब्द थोडे बदलतात, सार तेच. जिन्याखाली पडलेली कोणतीही जुनी सायकल काढा, १० हजारांचं हब मोटरचं (चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या मोटरचं) किट तासाभरात घरीच बसवा. मग १००० वॉटची ताकद, एका चार्जवर ८० किलोमीटर, पाय न मारता घाट आणि चालता चालता बॅटरी आपोआप चार्ज. लायसन्स, पासिंग, विमा काही लागत नाही. शेवटी ठरलेली फोडणी: पेट्रोल कंपन्यांना हे तुम्हाला कळू द्यायचं नाही.

हब मोटरचं किट मुळात चांगलं असतं, म्हणून हा मेसेज जास्त खटकतो. त्याच्या भरवशावर केलेली सायकल थोड्याच दिवसांत परत जिन्याखाली जाते आणि इलेक्ट्रिक सायकलला नावं ठेवणारा आणखी एक माणूस तयार होतो. तेव्हा एकेक दावा तपासून पाहू. शाळेतलं भौतिकशास्त्र त्याला पुरतं.

आधी आपोआप चार्ज होण्याचं बघू, कारण लोक सगळ्यात जास्त भुलतात ते यालाच. धडधाकट माणूस दमछाक न होता सलग पॅडल मारतो तेव्हा साधारण १०० वॉट देतो. स्वस्त किटला बहुधा ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी जोडतात. गुणाकार करा: साधारण २८० वॉट-अवर, म्हणजे २८० वॉट तासभर देता येतील इतकी वीज. म्हणजे ती भरायला जवळजवळ तीन तास पाय मारायचे, तेही सायकल जागची न हलता आणि वाटेत काहीच वाया जात नाही असं धरून. सायकल पुढेही न्यायची असेल तर त्याच १०० वॉटमधून चाकालाही वाटा द्यावा लागणार. चाकाला डायनॅमो लावा, साखळीला लावा, हिशेब बदलत नाही.

यावर ‘मग ब्रेक मारताना चार्ज होते त्याचं काय?’ असं कुणीतरी विचारतंच. प्रश्न रास्त आहे. माणूस, सायकल, दप्तर मिळून १०० किलो धरा. ताशी २५ किलोमीटरच्या वेगात या सगळ्याची गतिज ऊर्जा भरते ०.६७ वॉट-अवर. त्यातली निम्मी परत मिळाली असं उदारपणे मानलं, तरी एक किलोमीटर जाण्यापुरती वीज जमवायला सुसाट वेगातून तीसेक वेळा थांबावं लागेल. शिवाय हे जमतं ते फक्त गिअर नसलेल्या, जाडजूड, वजनदार मोटरला. स्वस्त किटमध्ये बहुतेकदा असते ती छोटी, आत गिअर असलेली मोटर. तिच्यात फ्रीव्हीलसारखी एकाच दिशेने पकडणारी रचना असते; मोटर चाकाला फिरवते, पुढे पळणारं चाक मोटरला फिरवूच शकत नाही. तिथे ब्रेक मारून शून्य मिळतं.

८० किलोमीटर. सपाट, गुळगुळीत रस्ता, वारा नाही, ताशी २० चा वेग आणि पाय अजिबात न मारता, अशा आदर्श स्थितीत सायकल किलोमीटरला सातेक वॉट-अवर खाते. असा रस्ता कुठे सापडला तर मलाही कळवा. सिग्नल, खड्डे, उड्डाणपूल आणि कमी हवेचे टायर धरले की आकडा १० ते १२ वर जातो. २८० ला त्याने भागा: पंचवीसेक किलोमीटर. निम्मा भार पायांनी उचलला तर पन्नासच्या आसपास. त्याच बॅटरीवर ८० जायचं तर साधारण दोन तृतीयांश काम तुम्ही करायचं, आणि मग कौतुकही तुमच्या मांड्यांचंच व्हायला हवं.

गंमत अशी की मेसेजमधले दोन दावे एकमेकांचेच पाय ओढतात. १००० वॉट खरोखर वापरले तर सपाटीवर सायकल ताशी ४५ च्या आसपास पळते. त्या वेगात हवेचा विरोध इतका वाढतो की किलोमीटरला २२ वॉट-अवर जातात. ८० किलोमीटरला झाले पावणेदोन हजार वॉट-अवर, म्हणजे आपल्या छोट्या बॅटरीसारख्या सहाहून अधिक. त्यांचं वजन दहा किलोच्या पुढे. आणि १० हजार रुपयांत? किटच्या जाहिरातीत बारीक अक्षरांत ‘बॅटरी वगळून’ असं लिहिलेलं असतं, ते आधी शोधा.

घाटाचं गणित तर आणखी सोपं आहे. १०० किलो वजन १०० मीटर उंच न्यायला २७ वॉट-अवर लागतात, यातून कुणाची सुटका नाही. मोटरमध्ये आणि तिला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये होणारी गळती धरली की बॅटरीतून ३६ जातात. सिंहगडाच्या पायथ्यापासून वाहनतळापर्यंतचा चढ ५०० मीटरच्या वर आहे. म्हणजे निव्वळ उंचीपायी १८० वॉट-अवर संपले. टायरचं घर्षण वेगळं. बॅटरी कदाचित पुरेल, मोटरचं काही सांगता येत नाही.

कारण हब मोटर चाकातच बसलेली असते. सायकलचे गिअर तिच्या कामाचे नाहीत. तीव्र चढावर वेग ताशी आठ-दहावर आला की २५ च्या वेगासाठी गुंडाळलेली मोटर रखडायला लागते. विजेचा मोठा हिस्सा चाक फिरवण्याऐवजी तिचं तांबं तापवण्यात जातो. गिअरवाल्या मोटरच्या आतले दाते नायलॉनचे असतात, ते या उष्णतेने मऊ पडून झिजतात. वर मी धरलेली गळती अशा चढावर कितीतरी वाढते, तेव्हा ३६ हा आकडा मेसेजवाल्याच्या बाजूने झुकलेलाच म्हणायचा. उपाय आहे: पाय मारत राहा, वेग पडू देऊ नका. रोजच घाट असेल तर पॅडलपाशी बसणारी, साखळीतून ताकद देणारी मोटर घ्या. तिला सायकलचे गिअर वापरता येतात, पण ती महाग पडते.

आता ‘कोणतीही जुनी सायकल, तासाभरात’. या दाव्याने पैशाआधी हाडं मोडू शकतात, म्हणून इथे जरा थांबू.

जिन्याखाली असते ती बहुधा काळी, दांडीची, आजोबांची सायकल. तिची चाकं २८ × १½ मापाची. किटबरोबर मोटरवर विणून येणारं चाक २६, २७.५ किंवा २९ इंची. या सायकलला सळयांचा ब्रेक असतो. त्याचे गट्टे रिमला खालून वर दाबतात. किटच्या आधुनिक रिमला तिथे दाबायला जागाच नसते. म्हणजे नवं चाक बसवलं की त्या चाकाचा ब्रेक गेला. ब्रेक नसलेल्या चाकात मोटर! जुन्याच रिमवर मोटर विणून घ्यायची म्हटलं तर योग्य लांबीचे स्पोक कापून, नीट विणून, आउट (चाकाची डगमग) काढून देणारा कारागीर हवा, आणि तो एका तासात मोकळा होत नाही.

आता एक्सल, म्हणजे चाकाचा आस. साध्या पुढच्या चाकाचा एक्सल ८-९ मिलिमीटरचा, मोटरच्या एक्सलला समोरासमोर तासलेल्या बाजू असतात आणि त्यांना १० मिलिमीटरची खाच लागते. मग चाक धरणाऱ्या चिमट्याची खाच कानशीने घासतात. थोडं घासणं चालतं, पण घासलेला धातू परत येत नाही. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा स्वतःचा एक्सल तेवढ्याच जोराने उलटा पिरगळते. साधारण ३५ न्यूटन-मीटरची (हे पिरगळण्याच्या जोराचं माप) मोटर धरली, तर १० मिलिमीटरच्या त्या खाचेच्या कडांवर साडेतीनशे किलोच्या वजनाइतका दाब येतो. पोलादी चिमटा तो सोसतो. या बाबतीत आजोबांची सायकल आजच्या चकचकीत शॉकॲब्सॉर्बरवाल्या सायकलीपेक्षा बरी. ॲल्युमिनियमच्या चिमट्याची खाच आधी न वाकता थेट तुटू शकते. तुटली की एक्सल गरगर फिरतो, वायर पिळवटून तुटते आणि पुढचं चाक निसटतं. यासाठी टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी मिळते. तिचं एक टोक एक्सलवर घट्ट बसतं, दुसरं चिमट्याला आवळलं जातं. ती चारपाचशे रुपयांची वस्तू स्वस्त किटच्या खोक्यात अनेकदा नसते. ती मागून घ्या, आणि पुढचा चिमटा ॲल्युमिनियमचा असेल तर मोटर मागच्या चाकात घ्या.

वायर मोटरमध्ये शिरते तिथे आधी खाली झोल देऊन मग वर घ्यायची, म्हणजे पावसाचं पाणी थेंब होऊन गळून जातं. पावसाळ्यात बंद पडलेल्या किटचा दोष ग्राहक मोटरला देतो, पण खरं कारण बहुधा ओला झालेला जोड असतो.

कोणती बॅटरी घ्यायची याबद्दल मेसेज गप्प आहे. त्याच्या खाली कुणीतरी हमखास सुचवतं की यूपीएसच्या १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या ओळीने जोडा, स्वस्तात काम होतं. ७ अँपिअर-अवरच्या तीन घेतल्या तर कागदावर २५२ वॉट-अवर होतात. वजन साडेसहा किलोच्या आसपास. पण लेड-ॲसिड बॅटरीतून एकदम १० अँपिअर ओढले की ती लिहिलेल्यापेक्षा खूपच कमी देते आणि रोज तळापर्यंत उतरवली की लवकर मरते. लिथियम बॅटरी घेतली तर चार्जर तिचाच वापरा. ३६ व्होल्टची बॅटरी ४२ व्होल्टला पूर्ण भरते, ४८ चा चार्जर ५४.६ देतो. पिन बसते म्हणून तो लावणं म्हणजे घराला आग लावायची तयारी. स्वस्त बॅटरीतलं संरक्षक सर्किट चार्जिंग वेळेवर तोडेलच, या भरवशावर मी तरी झोपायला जाणार नाही.

लायसन्स-पासिंगचा दावा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २ (यू) प्रमाणे सूट आहे ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी क्षमतेच्या मोटरला आणि ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेला. शिवाय चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. त्यावर पुण्यातल्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. १००० वॉट बसवले की सूट संपली. मग ती कायद्याने मोटार वाहनच आणि तिला नोंदणी, लायसन्स, विमा सगळं आलं. पोलिसांनी अडवलं नाही म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. कुणाला धडक बसली तर विमा नसलेल्या वाहनाचा चालक म्हणून भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागेल. ४५ च्या वेगातली सायकल थांबवायला १८ च्या वेगाच्या सव्वासहापट ऊर्जा ब्रेकना गिळावी लागते, हेही त्या गट्ट्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं.

पेट्रोल कंपन्यांच्या कटाबद्दल एवढंच: अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलचं पेटंट मिळालं ३१ डिसेंबर १८९५ ला. १० व्होल्टवर १०० अँपिअरपर्यंत घेणारी मोटर, म्हणजे योगायोगाने १००० वॉटच. इतकी वर्षं उघड्यावर पडलेलं गुपित दडपायला कटवाले फारच ढिले असणार.

आता मेसेजमध्ये जे खरं आहे ते. वीज खरंच स्वस्त पडते. गळतीसह एका पूर्ण चार्जला एक तृतीयांश युनिट, म्हणजे तीनेक रुपये. पण खरा खर्च बॅटरीच्या झिजेचा. समजा बॅटरी १० हजारांची, ५०० वेळा चार्ज झाली आणि दर वेळी २५ किलोमीटर दिले, तर किलोमीटरला ८० पैसे. वीज धरून ९० पैशांच्या आसपास. पेट्रोल शंभरीच्या वर असताना लिटरला ४५-५० देणारी स्कूटर निव्वळ इंधनालाच दोन रुपयांहून जास्त घेते. म्हणजे रोज आठ-दहा किलोमीटर सपाट रस्त्याने कामावर जाणाऱ्याला, थोडे पाय मारायची तयारी असेल तर, २५० वॉटच्या आतलं किट परवडतं. फक्त दुकानात ‘किती किलोमीटर जाते?’ असं विचारू नका. बॅटरी किती वॉट-अवरची आहे ते विचारा, आणि भागाकार घरी येऊन स्वतः करा.