विचारायचे कोणी?

चौदा वर्षांपूर्वी शालान्त परीक्षेच्या गणिताच्या पेपरला मी एका वर्गावर पर्यवेक्षक होते. पेपर सुरू होऊन वीस मिनिटे झाली असताना एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. उशिरा येणाऱ्याला आत घेण्याची मुदत संपत आली होती, हजेरीपटावर मी तिला गैरहजर दाखवून टाकले होते आणि ती नोंद आता खोडून त्यावर सही करावी लागणार होती. त्या वैतागात मी तिला म्हणाले, "आजच्या दिवशी तरी वेळेवर यायचं होतंस." ती काही बोलली नाही. जागेवर बसली, तासभर लिहीत राहिली आणि मग पेन खाली ठेवून नुसती बसून राहिली. शेजारून जाताना मी तिला "लिही ना, अजून वेळ आहे" असेही म्हटले. तिचे वडील त्याच दिवशी पहाटे गेले होते, हे मला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून झाल्यावर, तिला न्यायला आलेल्या तिच्या मामाकडून कळले.

हा प्रसंग मी आजवर फारसा कोणाला सांगितला नाही, कारण त्यात माझी शोभा नाही. पण अलीकडे परीक्षेच्या काळात अडचणीत सापडलेल्या मुलांना काही सवलत द्यावी की देऊ नये यावर जी चर्चा कानावर येते, ती बहुतेक वेळा सवलत किती द्यावी आणि तिचा गैरफायदा कसा टाळावा याच दोन प्रश्नांभोवती फिरते, आणि मला तिसराच प्रश्न छळत राहतो. फाटकापासून शेवटच्या घंटेपर्यंत त्या मुलीचा किमान पाच मोठ्या माणसांशी संबंध आला. आमच्यापैकी एकानेही तिला काय झाले म्हणून विचारले नाही. आणि तिने आपणहून सांगितले असते तरी पुढे काय करायचे हे मला ठाऊक नव्हते. माझ्याकडे कॉपी पकडली तर भरायचा छापील नमुना तयार होता. एखादे मूल लिहिता लिहिता थांबले आणि खिडकीबाहेर बघत बसले तर भरायचा कोणताही नमुना नव्हता.

अडचणी दोन तऱ्हेच्या असतात आणि त्यांची गल्लत केली की सगळी चर्चा भरकटते. एक तऱ्हा आधीपासून ठाऊक असलेल्या अडचणींची: अंधत्व, लिहिण्या-वाचण्याशी निगडित अध्ययन अक्षमता, हाताची दुर्बलता, मधुमेहासारखा कायमचा आजार. यांच्यासाठी जगभर बऱ्यापैकी विचार झालेला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कराराने शिक्षणात 'वाजवी सोयी' देणे हे सरकारांचे कर्तव्य ठरवले. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने परीक्षापद्धतीत बदल करण्याची, म्हणजे जादा वेळ आणि लेखनिक देण्याची, जबाबदारी शासनावर टाकली, आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान २० मिनिटे भरपाईचा वेळ सांगितला. ब्रिटनमध्ये अशा विद्यार्थ्यांना सर्वसाधारणपणे २५ टक्के जादा वेळ मिळतो. येथे उपाय परीक्षेपूर्वी होतो, उत्तरपत्रिका इतरांसारखीच तपासली जाते, गुणांना कोणी हात लावत नाही.

या पहिल्या तऱ्हेतही सारे सुरळीत आहे असे मात्र नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०२१ साली दोन प्रकरणे आली. एकात लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला, त्याचे अपंगत्व ४० टक्क्यांच्या कायदेशीर उंबरठ्याखाली आहे म्हणून लेखनिक नाकारला गेला होता; लेखनिक मिळण्यासाठी तो उंबरठा लावता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. दुसऱ्यात वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणाऱ्या विद्यार्थिनीला नियमाने देय असलेला तासाभराचा जादा वेळ परीक्षा केंद्रावर दिलाच गेला नव्हता. हे दुसरे प्रकरण मला जास्त बोलके वाटते. नियम होता, तिचा हक्कही होता, पण त्या सकाळी त्या खोलीत असलेल्या माणसांपर्यंत तो पोचला नव्हता. त्या माणसांना दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्यांच्या जागी मी उभी राहिलेली आहे.

दुसरी तऱ्हा अचानक आलेल्या संकटाची. आदल्या रात्री घरात मृत्यू, वाटेत अपघात, पेपरच्या दिवशी चढलेला ताप, परीक्षा खोलीतच कोणाला तरी आलेली फिट. येथे आधी सोय करायला वेळच नसतो, आणि म्हणून प्रश्न थेट गुणांशी येऊन भिडतो. ब्रिटनमधल्या परीक्षा मंडळांच्या संयुक्त परिषदेने यासाठी 'विशेष विचार' नावाची व्यवस्था केली आहे आणि तिचा तक्ता मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला अक्षरशः शिसारी आली होती. परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत आई, वडील किंवा भावंड गेले असेल तर त्या पेपरच्या एकूण गुणांच्या ५ टक्के, आणि यापेक्षा जास्त कधीच नाही. आप्तांपैकी जरा लांबचे कोणी नुकतेच गेले असेल किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल तर ४ टक्के. जवळचा मित्र गेला असेल तर ३. परीक्षेच्या वेळी आजारी असेल तर २. खोलीत बराच वेळ गोंगाट झाला तर १. दुःखाचे असे दरपत्रक कोणी कसे छापू शकते, आजी आणि आई यांच्यात एका टक्क्याचा फरक ठरवणारा माणूस रात्री झोपतो कसा, असे माझ्या मनात आले होते.

माझे मत पुढे बदलले, आणि ते हळूहळू, तपासनीस म्हणून काम करताना बदलले. तक्ता नसतो तेव्हा काय होते हे मी पाहिले आहे. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर मुले कधीकधी चिठ्ठी लिहितात: आई दवाखान्यात आहे, कृपा करून पास करा. नियमाप्रमाणे तिच्याकडे दुर्लक्ष करायचे असते. एखादा तपासनीस करतो, एखाद्याचा हात सैल सुटतो, एखादा उलट चिडतो आणि एरवी दिला असता तो अर्धा गुणही देत नाही. चिठ्ठी खरी की खोटी हे तिघांनाही ठाऊक नसते. त्यापेक्षा कोरडा, आधी छापलेला, सर्वांना सारखा लागू होणारा तक्ता बरा, कारण त्यात मुलाला कोणाच्या दयेवर अवलंबून राहावे लागत नाही आणि शिक्षकाला त्या क्षणी दयाळू असावे लागत नाही. दया ही फार बेभरवशाची गोष्ट आहे. सकाळी चहा मिळाला नसेल तर ती कमी होते.

आणि तो ५ टक्क्यांचा तुटपुंजा आकडा? ८० गुणांच्या पेपरात तो ४ गुण होतो. माझ्या त्या विद्यार्थिनीचा जवळजवळ अर्धा पेपर कोरा होता; ४ गुणांनी तिचे काय भले झाले असते? त्या व्यवस्थेच्या कर्त्यांना हे कळत नाही असे समजण्याचे कारण नाही. गुणपत्रिका ही मुलाने काय सोसले याची पावती नसून त्याला काय येते याचे ते प्रमाणपत्र आहे, ते वाचून कोणीतरी त्याला पुढच्या वर्गात बसवणार आहे, आणि जे लिहिलेच नाही त्याचे गुण उदारपणे दिले तर पुढच्या वर्गात त्याच मुलाची फरपट होईल, हा त्यामागचा विचार मला गणिताची शिक्षिका म्हणून मान्य आहे. थोडक्यात, वाढीव गुण हा किरकोळ हादऱ्यांवरचा उपाय आहे. मोठ्या संकटावर खरा उपाय एकच, पुन्हा आणि लवकर परीक्षा देण्याची संधी. आणि लवकर हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण वर्ष वाया घालवून मिळालेली संधी ही मुलाला शिक्षाच वाटते.

त्याच ब्रिटिश नियमांत आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. योग्य कारणाने एखादा पेपर पूर्णच बुडाला, पण त्या विषयाच्या एकूण मूल्यमापनापैकी किमान २५ टक्के भाग विद्यार्थ्याने पूर्ण केलेला असेल, तर उरलेल्या भागातल्या कामगिरीवरून त्याची श्रेणी काढता येते. हे शक्य होते कारण तिथे एकेका विषयाला सहसा दोन-तीन वेगळे पेपर असतात. जिथे वर्षभराचा सगळा विषय तीन तासांच्या एकाच बैठकीत कोंबलेला असतो तिथे हिशेब करायला मागे काही उरतच नाही, आणि मग एक वाईट सकाळ संपूर्ण वर्षाची मालक होते. म्हणून सवलतींचा विचार करताना मी आधी परीक्षेची मांडणी बघते. जितका भार एका दिवसावर, तितकी त्या दिवसाच्या अपघाताची किंमत मोठी.

ही किंमत काल्पनिक नाही. इस्रायलमधल्या शालेय अंतिम परीक्षांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. एकच विद्यार्थी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे पेपर देतो आणि हवेतल्या सूक्ष्म कणांचे प्रमाण दररोज बदलते, याचा आधार घेऊन संशोधकांनी पाहिले की हवा अधिक प्रदूषित असलेल्या दिवशी गुण घसरतात, आणि त्या घसरणीचे परिणाम पुढे उच्च शिक्षणात आणि कमाईतही दिसतात. हवेसारखी, मुलाच्या हुशारीशी किंवा कष्टाशी काडीचा संबंध नसलेली गोष्ट इतके लांबवर जात असेल, तर घरात पडलेला मृतदेह किती लांब जात असेल याची कल्पना करावी.

गैरफायद्याचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. खोटी वैद्यकीय प्रमाणपत्रे मी पाहिली आहेत, त्यांतल्या काहींवर आजाराचे नावही चुकीचे लिहिलेले होते. पण प्रमाणपत्राच्या अटीने गाळले कोण जाते याचाही हिशेब मांडायला हवा. ज्या घरात कागद सांभाळायची सवय आहे, डॉक्टर ओळखीचा आहे, अर्ज कोणाकडे करायचा हे ठाऊक आहे, त्या घरातले मूल नियम कितीही कडक केला तरी त्यातून पार पडते. जे घर त्या आठवड्यात खरोखर कोलमडले आहे, तिथे अर्ज लिहायला कोणाची शुद्ध असते? खरे बोलणाऱ्याजवळ कागद नाही आणि कागद असणारा खरा असेलच असे नाही. शिवाय काही संकटांचा कागद मिळतच नाही. रात्रभर घरात मारहाण चालू होती, हे कोणत्या डॉक्टरने लिहून द्यायचे?

म्हणून माझे म्हणणे असे आहे की मागण्याची जबाबदारी मुलावर ठेवणारी प्रत्येक सवलत मुळातच अर्धी आहे. ब्रिटिश व्यवस्थेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तक्ता नव्हे, तर अर्ज शाळेने करायचा असतो ही आहे. मुलाने सांगायचे, पण कागद शाळेने रंगवायचे. मी आणखी एक पाऊल पुढे जाईन: मुलाने सांगण्याचीही वाट पाहू नये. परीक्षेच्या प्रत्येक सकाळी, फाटकावर नव्हे आणि चारचौघांत तर नव्हेच, वर्गशिक्षकाने किंवा मुलांच्या ओळखीच्या एखाद्या माणसाने प्रत्येकाला एकदा विचारावे. पर्यवेक्षकाच्या अहवालात गैरप्रकारांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा, ज्यात आसन क्रमांक, वेळ आणि काय दिसले एवढेच लिहायचे: रडत होती, चाळीस मिनिटे लिहिले नाही, दोनदा उलटी झाली. त्या क्षणी, परक्या माणसाने, निकालात काही स्वार्थ नसताना केलेली ही नोंद नंतर आणलेल्या कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा विश्वासार्ह असते, आणि तिला खर्च शून्य आहे. तिच्यावरून काय द्यायचे ते मंडळाने मागाहून, शांतपणे ठरवावे.

शिक्षकांवर आधीच ओझी काय कमी आहेत, असे माझ्याच सहकाऱ्यांपैकी काही म्हणतील. बरोबर आहे. पण आम्ही त्या सकाळी प्रत्येक मुलाचे खिसे, पाऊच आणि कंपासपेटी तपासतोच. त्याच अर्ध्या मिनिटात तोंडाकडे बघणेही बसते.

त्या वर्षानंतर माझी नोकरीची सहा वर्षे उरली होती. त्या सहाही वर्षी परीक्षेच्या दिवसांत मी अर्धा तास आधी जाऊन जिन्याजवळ उभी राहत असे आणि माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांना हळू आवाजात विचारत असे, "घरी सगळं ठीक ना?" बहुतेकांना प्रश्नाचे आश्चर्य वाटे, काही हसत, एकाने "बाई, तुम्ही ठीक ना?" असे उलट विचारले. सहा वर्षांत चौघांनी 'नाही' म्हटले. त्यांतल्या एकाला केंद्रसंचालकांनी वेगळ्या खोलीत बसवले, एकीसाठी मुख्याध्यापकांनी मंडळाला पत्र लिहिले, ज्याचे उत्तर आले नाही. उरलेल्या दोघांना मी पाण्याची बाटली दिली, पंख्याखालची जागा दिली आणि अहवालात लिहायला गेले, तर त्यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहिले.