'पुष्टी करा' दाबलं आणि ऑर्डरच गेली: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या किराणा ॲपला एक स्टार देताना तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. खानापूरच्या सासूबाईंची सत्यनारायणाच्या सामानाची ऑर्डर आपोआप रद्द झाली. मराठी निवडलं तरी ॲप कन्नडात उघडतं. आणि आमचं मराठी 'गूगलकडून करून घेतलेलं' आहे. पहिल्या दोन गोष्टींत चूक आमची. तिसरीवर मात्र थोडं भांडणार आहे.

ऑर्डरची नोंद काढून बघितली. सासूबाईंचं बोट चुकून 'रद्द' वर पडलं. मग चौकट आली, 'ऑर्डर रद्द करायची आहे का?', आणि खाली दोन बटणं: 'पुष्टी करा' आणि 'रद्द करा'. ज्याला ऑर्डर हवी आहे तो माणूस 'रद्द करा' ला हात तरी लावेल का? त्यांनी 'पुष्टी करा' दाबलं, म्हणजे ऑर्डर पक्की करा. आमच्या प्रोग्रॅमच्या लेखी त्याचा अर्थ होता, रद्द करणं पक्कं करा. आणि 'रद्द करा' म्हणजे ही चौकट बंद करा! ॲप आणि वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी याचे जाणकार याकोब नील्सन यांच्या १९९४ च्या दहा नियमांतला दुसराच नियम आहे, वापरणाऱ्याच्या भाषेत बोला. तो आमच्या ऑफिसात भिंतीवर चिकटवलेला आहे, आणि त्याच भिंतीला टेकून आम्ही हे लिहिलं.

आता बटणांवर 'ऑर्डर राहू दे' आणि 'ऑर्डर नको' असं आहे. चुकून 'नको' दाबलं तरी दहा मिनिटं 'परत घ्या' दिसत राहतं. तुमचे पैसे आम्ही त्याच दिवशी परत पाठवले होते, पण तसा मेसेज जायची सोयच केली नव्हती. ऐन पूजेच्या दिवशी घरात रवा नाही, आणि पैसे गेले की आले तेही कळत नाही. त्याबद्दल सासूबाईंची मनापासून माफी मागतो.

भाषेचं दुखणं आपल्या सीमाभागातलंच आहे. ॲप पिनकोडवरून भाषा ठरवत होतं. कर्नाटकातल्या निपाणीचा पिन ५९१ ने सुरू होतो, म्हणून कन्नड. महाराष्ट्रातल्या चंदगडचा ४१६ ने, म्हणून मराठी. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि शाळेचा अर्ज इंग्रजीत, अशी इथली किती घरं आहेत! माणूस राहतो कुठं आणि वाचतो कशात, हे दोन वेगळे प्रश्न. बेळगावात जन्मलेल्या माझ्यासारख्याला तरी हे सुचायला हवं होतं. आता भाषा सगळ्यात आधी विचारली जाते आणि पत्ता बदलला तरी ती बदलत नाही. पत्त्यात बेळगाव लिहा की २०१४ पासूनचं बेळगावी, दोन्ही चालतं. मोबाईल नंबर मराठी कीबोर्डवरून टाकला की 'अवैध क्रमांक' म्हणून लाल व्हायचा, कारण प्रोग्रॅमला फक्त इंग्रजी आकडे कळत होते. तेही दुरुस्त केलं.

आता भांडण. ते मराठी गूगलचं नाही हो, आमचंच आहे. आणि तेच जास्त लाजिरवाणं. एक्सेलच्या डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यात मराठी. कुठला शब्द कुठल्या स्क्रीनवर, कुठल्या बटणावर जाणार, ते लिहिणाऱ्याला दिसतच नव्हतं. त्यामुळं 'ॲड' चं झालं 'जोडा'. खडेबाजारात एका मावशींच्या हातात फोन दिला, तर म्हणाल्या, "टोपलीत जोडा कशाला घालायलाईस रे?" आता तिथं 'पिशवीत टाका' आहे. यादीत नुसतं 'परवा' लिहायचो, त्यात सामान येऊन गेलं की यायचंय तेच कळेना. तिथं आता वार आणि तारीख असते. हे सगळं पाच-सहा गिऱ्हाइकांच्या शेजारी गप्प बसून बघितल्यावर कळलं. ॲप बाजारात आणायच्या आधी बसायला पाहिजे होतं.

पण 'डिलिव्हरी' काढून 'वितरण' आणि 'ओटीपी' काढून 'एकवेळ संकेतांक' लिहा, ही तुमची सूचना घेता येणार नाही. दारात आलेल्या पोराला "वितरण आलं काय?" असं कोण विचारतं? सासूबाई फोनवर आमच्या माणसाशी बोलल्या तेव्हा त्याही 'डिलिव्हरी'च म्हणाल्या.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. काही जुन्या फोनवर ओळींमधली जागा कमी पडून शब्दाखालचा उकार कापला जातो. काम चालू आहे. तोवर मिठाईच्या यादीत 'कंदा' दिसलं तर तो कुंदाच समजावा. कांदा भाजीच्या यादीत आहे.