एक बसली तर काय झालं?

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात जुंपली. सांगलीतल्या एका दवाखान्यात रात्री पेशंट दगावला आणि नातेवाइकांपैकी एकाने ड्युटीवरच्या सिस्टरच्या कानाखाली ठेवून दिली. बातमी चार ओळींची, त्याखाली आमच्या काकांचा मेसेज बारा ओळींचा. मारणं चूकच, पण ह्या सिस्टर लोकांची बोलायची तऱ्हा बघा. हाका मारून घसा बसतो तरी जागच्या हलत नाहीत. घरचं माणूस जातंय म्हटल्यावर कुणाचंही डोकं फिरणार. एक बसली तर काय झालं? आणि शेवटी माझ्याकडे मोर्चा: "आमच्या पोरीला विचारा, लंडनला नर्स कशा हसून बोलतात ते."

मी लंडनला नाही, लेस्टरला आहे. अकरा वर्षांत हे काकांना कितीदा सांगितलं, मोजदाद नाही.

लाँग डे करून आले होते, पाय ठणकत होते, तरी त्या "पण"ने झोप लागू दिली नाही. जागच्या हलत नाहीत म्हणे! मी मिरजेत जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला. रात्रपाळीला वॉर्डात आम्ही दोघी, चाळीस कॉट, शिवाय खाली गाद्या घातलेले वेगळे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स असा आहे, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक. हा नियम आम्हाला पाठ होता, परीक्षेत विचारायचे.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. वॉन्लेस साहेबांनी 1894 मध्ये मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून अर्धा कर्नाटक तिथे येतोय. अथणी-चिकोडीकडून एक पेशंट आला की मागे जीपभर माणसं. रक्त कुठून आणायचं? सिस्टर. बिल एवढं कसं झालं? सिस्टर. आयसीयूत कॉट का नाही, डॉक्टर कधी येणार? सिस्टर, सिस्टर. यातलं एकही तिच्या हातात नसतं. डॉक्टर राउंड उरकून गेलेले, बिलवाला काचेमागे. हाताच्या अंतरावर ती एकटी. काका म्हणतात डोकं फिरतं. फिरत असेल. पण तोच डोकं फिरलेला माणूस सर्जनच्या केबिनमध्ये शिरताना दार वाजवतो, चप्पल बाहेर काढतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि कायदा म्हणाल तर तो आपल्याकडे आधी आला. महाराष्ट्राने 2010 मध्येच केला: तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, मोडतोड केली तर दुप्पट भरपाई. डॉक्टरांबरोबर नर्स आणि शिकाऊ नर्सही त्यात येतात. इंग्लंडला असा वेगळा कायदा करायला 2018 उजाडलं. तेव्हा कमाल शिक्षा एक वर्ष होती, 2022 मध्ये दोन केली. हे सगळं ग्रुपवर टाकलं तर चुलतभाऊ म्हणतो, "मग तिकडं कशाला राहिलीस?"

मग मीही पेटले. इथे बझर दाबला की सिक्युरिटी धावत येते, मेट्रन घरी फोन करून विचारते बरी आहेस ना, डेटिक्स, म्हणजे घडल्या प्रकाराची नोंद, भरला की पेशंटच्या रेकॉर्डवर खूण करता येते, म्हणजे पुढच्या शिफ्टची पोरगी त्याच्याजवळ एकटी जात नाही. आणि शेवटी ठोकून दिलं: "इथे सिस्टरला हात लावायची कुणाची छाती नाही."

अंगठे आले बरेच. मावशीने हात जोडले.

ते वाक्य खोटं होतं. एनएचएस, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या 2024 च्या पाहणीत कर्मचाऱ्यांपैकी साधारण सातातल्या एकाने सांगितलं होतं की वर्षभरात पेशंट, नातेवाईक किंवा बाहेरच्या कुणी आपल्यावर हात टाकला. जानेवारी 2025 मध्ये ओल्डहॅमच्या रुग्णालयात एका केरळी नर्सला पेशंटने कात्रीने भोसकलं. त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये बाहेरून आलेल्यांविरुद्ध दंगली झाल्या, सन्डरलंडमध्ये कामावर निघालेल्या फिलिपिनो नर्सच्या टॅक्सीवर दगड आले. त्या आठवड्यात मी ऐन उन्हाळ्यात युनिफॉर्मवर कोट घालून बसमध्ये बसायचे.

माझंही आहेच. डिमेन्शियावाल्या आजोबांचे फटके मी धरत नाही, त्यांचे हात त्यांचे राहिलेले नसतात. पण एका शुक्रवारी रात्री वॉर्डातल्या एका धडधाकट पेशंटने माझं मनगट पिरगळलं, तोंडावर थुंकला आणि मला कुठे परत जायचं ते सांगितलं. डेटिक्स भरायला वीस मिनिटं लागतात, हँडओव्हर व्हायचा होता. नाही भरला. व्हिडिओ कॉलवर आईने पट्टी बघितली तर म्हटलं, बाथरूममध्ये घसरले.

इथेही मारतात असं कबूल केलं तर आईला सोडून सात हजार किलोमीटर लांब कशासाठी आले, याचं उत्तर माझ्याकडे उरत नाही. पगार सांगता येतो. तो सांगून झालाय.

आणि काकांना मी काय ऐकवणार? 2009 मध्ये आजी गेली तेव्हा वॉर्डात त्यांनी स्टूलवरचा किडनी ट्रे भिरकावला, तो सिस्टरच्या कपाळाला लागला. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि भिंतीला टेकून उभी होते. ती स्वतःच खाली वाकून सांडलेले कापसाचे बोळे गोळा करत होती. माझी फी काका भरायचे. घरात तो किस्सा "काकांनी दवाखाना कसा हलवला" म्हणून सांगितला जातो आणि मीही त्याला हसलेय, एकदा नव्हे, बरेचदा.

डिसेंबरात काकांचा गुडघा बदलायचाय, मिरजेतच. परवा फोन आला, "तुझ्या ओळखीची कोण सिस्टर असंल तर सांगून ठेव बाई, लक्ष देतील जरा." माझ्या बॅचची एकजण तिथेच इन्चार्ज आहे. रात्री तिला सगळं लिहून पाठवलं: तारीख, शुगर, बीपीची गोळी, सल्फाची अॅलर्जी. मग थोडं थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली: रात्री त्यांच्या खोलीत कुणा पोरीला एकटी पाठवू नकोस.