जीर्णोद्धार समितीच्या नव्या सचिवांस

सर्वप्रथम अभिनंदन. ग्रामदैवताच्या ट्रस्टवर सचिव म्हणून तुमची बिनविरोध निवड झाली, म्हणजे दुसरं कोणी तयार झालं नाही. आता जीर्णोद्धार तुमच्या गळ्यात आहे. देऊळ दगडी, पिढ्यान् पिढ्या उभं असलेलं, पावसाळ्यात एक थेंब आत येत नाही. पण शेजारच्या गावानं त्यांच्या देवळाला संगमरवर लावला, त्या दिवसापासून आपलं जीर्ण झालं आहे. तेव्हा पैसा उभा करायलाच हवा. देव तुमच्या पाठीशी आहेच. तुम्ही फक्त त्याला पुढे करायचं.

सुरुवात पत्रकापासून. वर देवाचा फोटो, बेताचा. त्याखाली आमदारांचा, जरा ऐसपैस. मग कार्याध्यक्ष, उपकार्याध्यक्ष, खजिनदार, सहखजिनदार आणि सल्लागार मंडळ. एवढं झाल्यावर कागद उरला तर मजकूर. 'सर्व भाविक भक्तांना कळविण्यास अत्यंत आनंद होतो की' इथून सुरू झालेलं वाक्य पत्रक संपेपर्यंत संपता कामा नये. खर्चाचा आकडा एकच द्यावा आणि तो गोल असावा: अंदाजे एक कोटी. दगड किती, गवंड्याची मजुरी किती, वाहतूक किती असं सुटं सुटं लिहिलंत की लोक वाचतात, आणि वाचलं की विचारतात. शेवटी 'फूल ना फुलाची पाकळी' हे शब्द हवेतच. त्याच्या खाली चौकटीत दर: कळस, गाभाऱ्याची चौकट, सभामंडपाचा खांब, पायरी, फरशी. सगळ्यात लहान पाकळी पाच हजारांची ठेवा.

पत्रकाच्या तळाशी 'देणगीस आयकरात ऐंशी-जीची सवलत' अशी ओळ टाकायला विसरू नका. ती तुमच्या ट्रस्टला मिळालेली आहे का, हा प्रश्न छापखान्यात कोणी विचारत नाही. तुमच्याकडे बारा-ए आहे, असं खजिनदार सांगतील. त्यानं ट्रस्टचा स्वतःचा कर वाचतो, देणगीदाराचा नाही. पण हा फरक सांगत बसलो तर चहा गार होतो. निव्वळ धार्मिक ट्रस्टला ऐंशी-जी सहसा मिळतच नाही. ज्या धर्मादाय संस्थेला मिळते, तिलाही उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च धार्मिक कामावर करता येतो. सरकारनं राजपत्रात नाव घेऊन जाहीर केलेल्या प्रख्यात देवळांची गोष्ट वेगळी; तुमचं देऊळ प्रख्यात आहे, पण ते तालुक्यापुरतं. शिवाय २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर त्या रकमेवर सवलत नाही, आणि तांदळाचं पोतं दिलं तर मुळीच नाही. हे सगळं देणगीदाराला जुलैमध्ये त्याचा सीए सांगतो. तोवर कळस चढलेला असतो.

आता मागायला कोणाकडे जायचं? जो देऊ शकतो त्याच्याकडे पाच जणांनी जावं. एकटा गेला तर नाही म्हणणं सोपं जातं. पाच जण सोफ्यावर बसले की घरच्यांना पोहे करावे लागतात, आणि पोहे केल्यावर नाही म्हणवत नाही. आकडा आपण बोलू नये. शेजारच्यानं काय दिलं तेवढं सहज कानावर घालावं. 'अण्णांनी एकवीस दिले' एवढंच म्हणायचं. एकवीस काय, ते अण्णांनाही नीट ठाऊक नसतं.

देणगीदाराला देवापेक्षा जास्त काय दिसायला हवं असतं, ते भक्तनिवासात जाऊन पाहा. छताच्या पंख्याला तीन पाती, एकावर कै. आजोबा, दुसऱ्यावर कै. आजी, तिसऱ्यावर देणाऱ्याचं स्वतःचं नाव, तेही सहकुटुंब. पंखा सुरू झाला की तीन पिढ्या एक होतात आणि काहीच वाचता येत नाही. म्हणून मे महिन्यात देणगीदार पाहुण्यांना घेऊन आले की आधी पंखा बंद करतात. ट्यूबलाइटवर नाव घातलं तर अर्धा उजेड नावातच जातो, पण उजेडासाठी कोणी ट्यूबलाइट देत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कळसाला तिघे इच्छुक असतात, त्यांच्यात भांडण लागतं. संडासच्या टाकीला मात्र एकही नाही. तिथं कोणाच्या वडिलांची पाटी लावणार? गटार, पाण्याची मोटर, झाडणाऱ्या मावशींचा पगार, गुरवाच्या मुलीच्या शाळेची फी, हे विषय बैठकीत काढू नका. वातावरण बिघडतं.

कायम निधीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथं ट्रस्टची बुद्धी पणाला लागते. १९८५च्या सुमारास एखाद्या भक्तानं पाचशे एक रुपये भरले: दरवर्षी वडिलांच्या तिथीला अभिषेक, यावच्चंद्रदिवाकरौ. तेव्हा बँक दहा-अकरा टक्के व्याज द्यायची. वर्षाला पन्नासेक रुपये सुटायचे. दूध, नारळ, दक्षिणा सगळं भागून प्रसादाचा पेढाही पोस्टानं जायचा. आज सात टक्क्यांनी पस्तीस रुपये होतात. त्यात अर्धा लिटर दूध येतं, नारळाचं नाव काढू नये. चंद्र आणि दिवाकर दोघेही अजून आहेत, त्यामुळे करार मोडता येत नाही. मार्ग सोपा आहे. एका तिथीला चाळीस नावं असतील तर गुरुजींनी एक तांब्या घ्यावा आणि चाळीस गोत्रं एका दमात म्हणावीत. ठेवीचं काय झालं, हे विचारायला भरणारा येत नाही, कारण आता त्याच्याच मुलानं त्याच्या नावानं दुसरी ठेव ठेवली आहे. तीही घ्या. फक्त ही रक्कम कायम निधीसाठीच आहे असं देणाऱ्याकडून लेखी घ्यावं लागतं, नाहीतर ती चालू वर्षाच्या जमेत जाते. लेखी घेऊ नका; सभामंडपाचा हप्ता तोंडावर आला आहे.

परदेशातल्या भक्तांना विसरून चालणार नाही. गावाची ओढ तिकडं जास्त असते आणि डॉलरला भावही चांगला आहे. न्यू जर्सीतल्या भाच्याला व्हिडिओ कॉलवर पडका कोनाडा दाखवा. कोनाडा पडका नसेल तर कॅमेरा हलवा. एक बारीक अडचण आहे. भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र २०१०चा परदेशी देणग्यांचा कायदा आडवा येतो: आधी नोंदणी नाहीतर पूर्वपरवानगी, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर पैसा घ्यायचा तो दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच. आता भाच्याला 'तुझा पासपोर्ट कोणत्या रंगाचा?' असं विचारणं बरं दिसत नाही. तुम्ही खाते क्रमांक पाठवा. गृहखात्यानं विचारलं तर 'भाचा आमचाच आहे' असं ठामपणे सांगा.

लोकांशी सतत बोलत राहा असं हल्लीच्या कार्यशाळांमध्ये शिकवतात, आणि ते खरंच आहे. व्हॉट्सॲप ग्रुप काढा. संदेश टाकण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवा, म्हणजे संवाद व्यवस्थित होतो. रोज पहाटे देवाचा फोटो, एकादशीला क्यूआर कोड, चतुर्थीलाही क्यूआर कोड. पैसे आल्यावर आभाराचा संदेश पाठवला नाही तरी चालतं. पुढच्या मागणीच्या वेळी 'आपल्या अमूल्य सहकार्याची परंपरा' असं लिहिलं की मागचेही आभार मानून होतात. लाउडस्पीकर तर हवाच. 'अमुक अमुक यांजकडून अकरा हजार' हे तीनदा, 'गुप्तदान' हे एकदा, आणि एकावन्न रुपयेवाल्यांची नावं उद्या सकाळी. उद्या सकाळी कीर्तनकार गाडीत बसून पुढच्या गावाला गेलेले असतात आणि मंडपवाला स्पीकर सोडत असतो.

कोणीतरी म्हातारा उठून गाडगेबाबांचं उदाहरण देईल. त्याला आदरानं हार घालून खाली बसवा. देणग्या मागण्याची ती पद्धत आजच्या काळात अजिबात व्यवहार्य नाही. हा मनुष्य गावात शिरला की आधी खराटा घेऊन गाव झाडायचा आणि संध्याकाळी कीर्तन करायचा. कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचा, त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचा. प्रश्न! तेही कोणते, तर कर्ज काढून सण कशाला करता, देवापुढं बकरं कशाला कापता. असं विचारल्यावर कोण पाकीट उघडेल, असं तुम्हाला वाटेल. लोक उघडायचे, ही गोष्ट वेगळी. त्या पैशातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि हा फुटकं गाडगं आणि चिंध्यांचा अंगरखा एवढ्यावरच राहिला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बांधलेली इमारत देऊन टाकायची! उद्या तुमच्या सल्लागार मंडळानं हे वाचलं तर त्यांना झोप लागायची नाही.

सप्ताहाची पंगत हा आणखी एक नाजूक विषय. सात दिवस गावातल्या प्रत्येक घरातून भाकरी येतात. ज्या बाईकडे चार एकर आहेत ती पन्नास थापते, जिच्याकडे काहीच नाही ती दुसरीच्या चुलीवर बसून थापू लागते. टोपल्या देवळाच्या ओट्यावर रांगेनं लागतात, कोणती कोणाची ते दुपारी बारापर्यंत विसरलं जातं आणि हजार माणसं जेवून उठतात. गावातली सगळ्यात मोठी देणगी हीच, असं तुमच्या मनात आलं तर लगेच दाबून टाका. भाकरीला पावती फाडता येत नाही, पाटी लावता येत नाही, आणि फलकावर बायकांची नावं घ्यायची पद्धत नाही. फलकावर 'अन्नदाते' म्हणून आचाऱ्याचं बिल भरणाऱ्याचं नाव येईल. आमटी त्यानं दिली आहे.

राहता राहिला हिशोब. महाराष्ट्रात १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्यानुसार तो ३१ मार्चला बंद करून दरवर्षी तपासून घ्यावा लागतो आणि धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. द्या. तिथं पाठवलेली फाईल गावात सहसा परत येत नाही. देवळाच्या भिंतीवर लावायचाच झाला तर नोटीसबोर्ड काचेचा घ्या, कुलूप लावा आणि काचेवर आतल्या बाजूनं शनिअमावास्येचं वेळापत्रक चिकटवा.

तरीही वार्षिक सभेत एखादा पोरगा उभा राहतोच. पुण्यात नोकरी करतो, मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून बसलेला असतो, विचारतो की फरशी साडेतीनशे चौरस फूट बसली आणि बिल सातशेचं कसं. त्याच्यावर चिडू नका. 'तू देवाचा हिशोब मागतोस?' हा प्रश्न चारचौघांत एकदा करून पाहा, नव्वद टक्के पोरं तिथंच बसतात. उरलेली बसत नाहीत. अशांना टाळ्यांच्या गजरात समितीत घ्यावं, सहखजिनदार करावं, शाल घालावी. त्याच संध्याकाळी त्याच्या घरी शंभर पानांची दोन पावतीपुस्तकं पोचवा आणि दिवाळीपर्यंत दोन्ही संपवायची आहेत असं त्याच्या आईला सांगून या. आईला सांगणं महत्त्वाचं.