जुन्या संगणकाला जुना ब्राउझर नको

"दादा, साइट उघडतच नाहीये. फॉर्मची आज शेवटची तारीख आहे."

आमच्या अभ्यासिकेतल्या तीन नंबरच्या मशीनवर बसलेली मुलगी रडकुंडीला आली होती. कुठलीही साइट उघडा, लाल त्रिकोण आणि कनेक्शन सुरक्षित नसल्याची सूचना. शेजारच्या मशीनवर तीच साइट व्यवस्थित चालू. मग माझं लक्ष खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं. १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा सेल संपला होता. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' अशा दोन तारखा असतात. संगणकच २००९ सालात जाऊन बसला, तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नसतं. तारीख नीट केली, फॉर्म भरून झाला. दुसऱ्या दिवशी सीआर २०३२ हा बटणासारखा छोटा सेल आणून बसवला. याच मशीनला आधी एका दुकानात 'आता भंगारात द्या' म्हणून सांगितलं होतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून 'आता या जुन्या डब्याचं काय करू?' असं विचारणारे वाढलेत. त्यांना सर्रास दिला जाणारा एक सल्ला मला मुळीच पटत नाही: 'जुनं मशीन आहे ना, मग क्रोमचं जुनं व्हर्जन टाक, हलकं चालेल.'

नाही चालत. आम्ही दोन वर्षं तेच करून पाहिलं. आजच्या पानांचं ओझं मुख्यतः पानांतच असतं, जाहिराती, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, मागे चालणाऱ्या स्क्रिप्ट. ब्राउझर दहा वर्षं मागे नेला म्हणून ते ओझं उतरत नाही. उलट नवीन पानं अर्धवट उघडतात, बटणं दाबली जात नाहीत, आणि इतक्या वर्षांत सापडलेली सुरक्षेची भोकं तशीच उघडी राहतात. त्यात आपण ओटीपी आणि आधार क्रमांक टाकायचे?

माझं मत असं, की जुन्या मशीनवर ज्याला अजून सुरक्षेचे अपडेट मिळतात असाच ब्राउझर ठेवावा. विंडोज ७ वर क्रोम १०९ पाशी थांबला, तोही जानेवारी २०२३ मधला. फायरफॉक्सचं ११५ ईएसआर, म्हणजे जास्त काळ सुरक्षेचे अपडेट मिळणारी आवृत्ती, मात्र त्यानंतरही अपडेट घेत राहिलं. त्याची मुदत खरं तर २०२४ मध्येच संपायची होती, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं ती पुन्हा पुन्हा वाढवली. आमची दोन जीबी रॅमची मशीन त्यावरच तगली. त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाकलं त्या दिवशीचा फरक मुलांनी मला न विचारता येऊन सांगितला. जाहिरातीच आल्या नाहीत तर रॅमवरचा भार आपोआप कमी होतो. एका वेळी तीनच टॅब, एवढी एक शिस्त लावावी लागली.

पण विंडोज ७ ला हा शेवटचा टेकू आहे, हेही तितकंच खरं. म्हणून एकेक मशीन मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीवर नेतोय. इंटेलचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर २००६ मध्ये आला, तेव्हापासूनचे बरेच प्रोसेसर ६४ बिटचे आहेत. आपल्याकडचा तसा असेल तर आजचा ताजा फायरफॉक्स त्यावर चालतो. निव्वळ ३२ बिटचं मशीन असेल तर मात्र वाटा बंद होत चालल्यात. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या १३ व्या आवृत्तीला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही, आणि ३२ बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सही १४४ व्या आवृत्तीपाशी थांबला.

आता डाउनलोडचं. मिंटची फाइल जवळपास तीन जीबीची. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावली, ८० टक्क्यांवर लाईट गेली. परत आल्यावर ब्राउझरनं शून्यापासून सुरुवात केली. महिन्याला मोजून डेटा वापरणाऱ्याला हे किती लागतं ते त्यालाच कळतं. डाउनलोड मॅनेजरचा आपल्याला खरा उपयोग इथे आहे. 'अमुक बाइटपर्यंत माझ्याकडे आलंय, त्याच्या पुढचं दे' असं तो सर्व्हरला सांगतो, आणि सर्व्हरला ते जमत असेल तर तिथूनच पुढे सुरू होतं. 'पाचपट वेग' वगैरे जाहिराती मी मनावर घेत नाही. मोफत फ्री डाउनलोड मॅनेजर पुरतो, लिनक्सवर कमांड टाइप करून चालवायचा साधा डब्ल्यूगेट त्याहून बरा.

क्रॅक केलेलं मॅनेजर पेनड्राइव्हवरून घेऊ नका, ही हात जोडून विनंती. आमच्याकडे एकानं टाकलं होतं. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना त्याच्या फाइलमध्येच होती. आठवड्याभरात होमपेज बदललं, जाहिरातींच्या खिडक्या उघडायला लागल्या आणि सगळं मशीन पुसून नव्यानं बसवावं लागलं. पोरांच्या नोट्स गेल्या. कुठलंही सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच घ्यावं. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारी लिंक पुष्कळदा जाहिरात असते, आणि पानावरचं मोठं हिरवं 'डाउनलोड' बटण दुसऱ्याच कशाचं असतं. लिंकवर माउस नेला की खाली दिसणारा पत्ता वाचायचा, मग क्लिक करायचं.

अजून एक गोष्ट, कारण यात बरेच जण अडकतात. पेनड्राइव्हवर १० जीबी जागा मोकळी दिसते, तरी मोठी फाइल कॉपी होत नाही. पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो, तो फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो, आणि त्यात चार जीबीची एक सलग फाइल मावत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या, पण आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा.

विंडोज एक्सपीचं एक मशीन अजून आहे आमच्याकडे. त्याच्यासाठी काही हौशी मंडळी सुपरमियम आणि मायपाल हे ब्राउझर बनवतात, त्यांच्या मेहनतीचं मला मनापासून कौतुक आहे. तरी एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबले, तेव्हा त्याची नेटची वायर मी काढून ठेवली आहे. त्याचा कीबोर्ड सगळ्यात मऊ आहे, त्यामुळे मराठी टायपिंगच्या सरावाला सकाळी सात वाजता पहिला नंबर त्याच्यासाठीच लागतो.