नांदूरमध्यमेश्वरची सहल दुपारी नको

डिसेंबर आला की शाळाशाळांत सहलीचं वारं सुटतं. यंदा काही शाळांनी वॉटर पार्कऐवजी आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचं नाव घातलंय, याचा मला मनापासून आनंद आहे. पण वेळापत्रक वाचलं की जीव हळहळतो. सकाळी शिर्डी, दुपारी दीडला अभयारण्य, पाऊण तासात आटपून पुढे त्र्यंबकेश्वर. तीन गाड्या, दीडशे मुलं.

भर दुपारी तिथे काय दिसणार? बदकं लांब पाण्यात मान पाठीत खुपसून पडलेली असतात, वर उन्हाची झळझळ. पोरं म्हणणार, काहीच नव्हतं.

तेच सकाळी साडेसहाला चापडगावच्या बाजूने पक्षी बघायच्या मनोऱ्याकडे चालत जा. चमच्यासारख्या चोचीचे ‘चमचे’ पक्षी उथळ पाण्यात चोच डावी-उजवीकडे झुलवत चरत असतात. काळे ‘वारकरी’ पक्षी उडण्याआधी पाण्यावरून चक्क धावतात, पायांचा फटफट आवाज काठापर्यंत येतो. हे एकदा पाहिलेलं पोर आयुष्यभर विसरत नाही.

आणि शिकवायला केवढं आहे! गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला तो शेतीच्या पाण्यासाठी. गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. पाटाला पाणी सुटलं की पातळी उतरते, चिखल उघडा पडतो आणि चिखलातले किडे टिपणाऱ्या पक्ष्यांचं ताट वाढलं जातं. माणसाने केलेल्या बंधाऱ्यावर दोनशेहून जास्त जातींचे पक्षी दिसतात. 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याची घोषणा झाली. भूगोल, विज्ञान, शेती, सगळं एकाच काठावर. आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांना हे माहीत नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून शिक्षक मित्रांनो, कळकळीने सांगते. एका वेळी एकच तुकडी न्या, चाळीसच्या वर मुलं नकोत. बाकीच्या तुकड्या पुढच्या आठवड्यात जातील, पक्षी फेब्रुवारीपर्यंत असतात. त्या दिवशी दुसरं ठिकाण जोडूच नका. गावातले गाईड आधी फोन करून ठरवा. कुठला पक्षी सध्या कुठे बसतो हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं, आणि पैसेही गावातच राहतात. दुर्बिणी चार-पाच असल्या तरी पुरतात, आळीपाळीने बघू द्या. कपडे मातकट किंवा हिरवे, भडक लाल-पिवळे नकोत. गाडीतला स्पीकर अभयारण्याच्या अलीकडेच बंद. काठावर मुलांच्या पुढे एक आणि मागे एक शिक्षक हवाच, गाळात पाय रुततो. डबा घरचा, वेफर्सची पाकिटं गाडीतच राहू देत.

खर्चाची अडचण सांगू नका. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. पहाटे निघावं लागेल म्हणून पालक कुरकुरतील, तर संमतीपत्रासोबत एक छोटी सभा घ्या, कशासाठी निघतोय ते नीट समजावून सांगा. आणि जमलंच तर त्यातल्या दोन-चार पालकांनाही सोबत घ्या.