पोर्शे आणि पांढरा रुमाल

जुनी पोर्शे बघायला जाताना इस्त्रीचे कपडे घालू नयेत. विकणाऱ्याने गाडी तीन दिवस घासलेली असते, आत वासाची बाटली टांगलेली असते, आणि त्या थाटाला आपणही शोभावं असं वाटणं साहजिक आहे. पण पुढच्या दोन तासांत आपल्याला जमिनीवर उताणं व्हायचंय, सीटखाली कोपरापर्यंत हात घालायचाय, कार्पेट हुंगायचंय आणि एक्झॉस्टच्या नळीत बोट फिरवून ते चारचौघांत निरखायचंय. जुना शर्ट, टॉर्च, लोहचुंबक आणि पांढरा रुमाल एवढं साहित्य पुरे. मंडईत वांग्याचं देठ दाबून बघणारा, नारळ कानाशी हलवणारा आपला माणूस साडेतीनशे अश्वशक्तीसमोर एकदम सभ्य होतो आणि तिथेच फसतो.

मी बोलतोय ते पोर्शे ९११च्या ‘९९७’ या पिढीबद्दल, म्हणजे २००४ ते २०१२. गोल हेडलाइट, अजून म्हातारी न दिसणारी बॉडी, आणि किंमत अशी की नवी एसयूव्ही घ्यायला निघालेल्या माणसाला घरी परतताना वाईट विचार सुचतात. तो विचार आला की एक गोष्ट पाठ करावी: गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. हत्ती स्वस्तात मिळाला तरी ऊस बाजारभावानेच आणावा लागतो.

जायच्या आधी फोनवर एकच अट घालावी, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ याला समोरून ‘हो हो’ येतंच. तरी पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे मागे जाऊन एक्झॉस्टच्या टोकाजवळ हात नेणं. ऊब लागली तर गाडी आपल्या स्वागतासाठी तापवलेली आहे, आणि तापलेलं इंजिन निम्मी दुखणी लपवतं. चहा घ्या, गप्पा मारा, नाहीतर सरळ दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू झाल्यावर निळसर धुराचा एक फुगारा आला तर घाबरू नये. या इंजिनात सिलिंडर आडवे असतात, गाडी उभी राहिली की थोडं तेल आत झिरपतं आणि पहिल्या ठिणगीला जळतं. उतारावर लावलेल्या गाडीत जास्तच. फुगारा विरला तर प्रश्न मिटला. मात्र धुराचे लोट थांबतच नसतील, सोसायटीत डासांचं मशीन आल्यासारखी मुलं मागे धावू लागली, तर वाफेतून तेल वेगळं करणारा सेपरेटर गेला आहे. पार्ट लहान, पण पोहोचायला अडचणीचा.

आता रुमाल. नळ्यांच्या आतून बोट फिरवा आणि दोन्ही बाजूंची काजळी रुमालावर शेजारी शेजारी पुसा. थोडी काजळी दोन्हीकडे असणारच. एका बाजूला कोरडी राखाडी आणि दुसऱ्या बाजूला तेलकट काळी असेल, तर त्या बाजूचं इंजिन तेल खातंय. २००८पर्यंतच्या कॅरेराच्या (म्हणजे ९११च्या मूळ मॉडेलच्या) इंजिनांचा हा खरा रोग आहे, सिलिंडर ओरखडणं. सिलिंडरची भिंत सिलिकॉन मिसळलेल्या अॅल्युमिनियमची, पिस्टनवर पातळ लेप. लेप झिजला की पिस्टन भिंतीला उभ्या रेघा पाडतो. मग टक्-टक् असा आवाज येतो. फसवणूक अशी की व्हॉल्व्हचे हायड्रॉलिक टॅपेटही थंडीत टक्-टक् करतात. फरक वागण्यात आहे: टॅपेट गरम झाल्यावर शांत होतात, ओरखडलेलं सिलिंडर गरम झाल्यावर बोलायला लागतं. म्हणून आवाज थंड असताना एकदा आणि वीस मिनिटं फिरवून आल्यावर परत ऐकायचा. ‘या गाडीचा आवाज असाच असतो साहेब’ हे वाक्य मध्ये येईल. ऐकून घ्यावं.

खात्री करायची तर नळीच्या टोकावरचा कॅमेरा सिलिंडरमध्ये घालून बघायला लागतो. स्पार्क प्लगच्या भोकातून घातला तर वरचा भाग दिसतो. रेघा पुष्कळदा खालच्या भागात असतात, त्या बघायला तेलाची चेंबर उतरवून खालून कॅमेरा घालणं उत्तम. याला विकणारा तयार झाला तर पैसे आपण द्यावेत. तयार झाला नाही तर तेही एक उत्तरच आहे, आणि ते फुकट मिळालं.

दुसरं बदनाम नाव म्हणजे आयएमएस बेअरिंग, इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं. ते फुटलं की इंजिन पेपरवेट म्हणून वापरता येतं, फक्त टेबल भक्कम हवं. पण या नावाची दहशत सरसकट बाळगायला नको. सुरुवातीच्या ९९७ मध्ये हे बेअरिंग लहान आहे आणि गिअरबॉक्स उतरवून बदलता येतं. त्यानंतर मोठं बेअरिंग आलं. ते फार क्वचित जातं, पण इंजिन उघडल्याशिवाय निघत नाही. २००९ मॉडेलपासून इंजिनच नवीन आलं आणि त्यात हा शाफ्टच नाही. म्हणून माझं सरळ मत आहे: दोन-चार लाख जास्त पडले तरी २००९ मॉडेलची किंवा त्यापुढची घ्यावी. २००९पर्यंतची टर्बो आणि जीटी३ या ९११च्याच तगड्या बहिणींचं इंजिन वेगळ्या घराण्याचं, त्यांना हे दोन्ही रोग नाहीत. त्यांच्यात कूलंटच्या पाइपांचे सांधे चक्क डिंकाने चिकटवावेत तसे चिकटवलेले आहेत आणि वय झालं की तो डिंक सुटतो. जर्मन अभियांत्रिकीवर अतूट श्रद्धा असलेल्यांनी हे वाक्य वगळून वाचावं. सांधे वेल्ड करून किंवा पिन मारून घेतल्याचं बिल असेल तर ते कपाळाला लावावं.

२००८पर्यंतच्या इंजिनाच्या गाडीत तेलाचा फिल्टर काढायला लावा. या इंजिनात आठ लिटरच्या आसपास तेल बसतं, आणि त्याने काय काय वाहून आणलं ते फिल्टरच्या कागदात अडकतं. कागद ब्लेडने कापून घड्या उलगडा, टॉर्च तिरका धरा. चमचम दिसली तर चुंबक फिरवा. चिकटलं ते पोलाद, म्हणजे बेअरिंगकडची बातमी. न चिकटता चमकलं ते अॅल्युमिनियम, म्हणजे सिलिंडरकडची.

आता संगणक. कंपनीच्या वर्कशॉपमधलं निदानयंत्र लावल्याशिवाय ही गाडी घेणं म्हणजे सातबारा न बघता जमीन घेणं. त्यात दोन आकडे बघायचे. पहिला ओव्हररेव्हचा. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन ठरावीक फेऱ्यांवर स्वतःला आवरतं. पण पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि तिथे कुणाचा इलाज चालत नाही. इंजिन हे सगळं लिहून ठेवतं, फेऱ्या किती वर गेल्या त्याप्रमाणे पायऱ्या पाडून. २००८पर्यंतच्या कॅरेरात दोन पायऱ्या, नंतरच्यांत सहा. खालच्या पायऱ्यांतले आकडे बघून दचकू नये, कारण मोजणी ठिणग्यांची असते. मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांना सहा सिलिंडरच्या इंजिनात एका सेकंदाला ३७५ ठिणग्या पडतात, म्हणजे चार आकडी संख्या तीन सेकंदांतली मजा असू शकते. वरच्या पायऱ्यांत मात्र शून्यच हवं. तिथे काही असेल तर शेजारी लिहिलेला तास बघा. ती चूक पाचशे तासांपूर्वीची असेल आणि इंजिन त्यानंतर नीट चाललं असेल, तर ते पचलं. दहा तासांपूर्वीची असेल, तर गाडी विकायला का काढली ते कळलं.

दुसरा आकडा इंजिन चाललेल्या एकूण तासांचा. मीटरवरचे किलोमीटर त्याने भागले की सरासरी वेग निघतो, आणि हा चौथीतला भागाकार मीटर मागे फिरवणाऱ्यांना सुचत नाही. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘फक्त १८,००० किलोमीटर, मालक रविवारी पहाटेच काढायचे.’ संगणक म्हणतो १,५०० तास. ताशी १२ किलोमीटर! रविवारी पहाटे रिकाम्या एक्सप्रेसवेवर पोर्शे बैलगाडीशी शर्यत हरत होती असं तरी मानावं लागेल, नाहीतर मीटरला हात लागलाय. साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये राहणाऱ्याची गाडी असेल तर मात्र संशयाचा फायदा द्यावा.

पाण्यातली गाडी ओळखणं हे खास आपल्याकडचं शास्त्र आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१५च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या कोरड्या गावांत स्थळ शोधत फिरतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, कारण गाडी धुणारा तेवढा कधी ओढत नाही आणि गाळाची रेघ तिथे जशीच्या तशी सापडते. सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेत का, कार्पेटच्या खालचा फोम दाबल्यावर कुबट वास येतो का, तेही बघा. आत दोन-तीन वासाच्या बाटल्या असतील तर नाक आणखी खोल घाला.

अपघाताची परीक्षा रंगाच्या जाडीच्या मीटरने होते. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, परत मारलेला २००च्या वर, आणि ५००च्या पुढे गेलात की खाली पुट्टी आहे. पुढचं झाकण अॅल्युमिनियमचं आहे, त्यामुळे मीटर दोन्ही धातू वाचणारा हवा. तिथे चुंबक न चिकटल्यावर ‘सगळी पुट्टी आहे’ असं ओरडलात तर अब्रू आपलीच जाते. बंपर प्लॅस्टिकचे, तिथे मीटर मुकाच. बंपरच्या जाळीतून टॉर्च मारून रेडिएटर मात्र जरूर बघा. दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांत सुकलेली पानं साचतात, ओल धरतात आणि एसीचा कंडेन्सर व मागचा रेडिएटर कुजवतात. काही गाड्यांत गुलमोहराची शेंग अख्खी निघते.

ब्रेकच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजावी. डिस्कला चिमटणारे कॅलिपर पिवळे असतील तर ब्रेक सिरॅमिकचे असं विकणारा अभिमानाने सांगेल. ते रंगवलेलेही असू शकतात, ब्रश सर्वांकडे असतो. खरेच सिरॅमिक असतील तर त्यांचं आयुष्य वजनावर ठरतं, किमान वजन डिस्कवरच लिहिलेलं असतं. बदलायची वेळ आली की त्या पैशांत घरात दुसरी गाडी येते. टायरवर चार आकडे असतात, ‘२३१६’ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी सहा वर्षांवरचं रबर दगड झालेलं असतं. मागच्या टायरची आतली कड हाताने चाचपा, झीज तिथेच लपते. स्टेपनी नसते, त्यामुळे ती कुठे गेली म्हणून भांडू नका. पुढचं झाकण उघडल्यावर इंजिन कुठे गेलं म्हणूनही, ते मागे असतं.

कागदांचं काम रटाळ, पण पैसे तिथेच बुडतात. चॅसिस क्रमांकाचं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं, ९ म्हणजे २००९, ए म्हणजे २०१०. मधे तीन झेड ओळीने येतात, त्याचा अर्थ गाडी झोपलेली आहे असा नाही. हा क्रमांक, आरसी आणि आयातीची बिल ऑफ एंट्री तिन्ही जुळली पाहिजेत. कर्ज असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म ३५, परराज्यातली असेल तर फॉर्म २८चं ना-हरकत, आणि हस्तांतराचे २९ व ३० आहेतच. पुदुच्चेरी किंवा हिमाचलची पाटी दिसली की भाव कमी का आहे ते ओळखावं. इथे आणून बारा महिन्यांवर ठेवायची तर नोंदणी बदलावी लागते, आणि आयात गाडीला महाराष्ट्राचा एकरकमी कर २० टक्क्यांचा आहे, वयाप्रमाणे घटवून. दिल्लीत पेट्रोल गाड्यांच्या १५ वर्षांच्या नियमामुळे तिथून स्वस्त गाड्या निघतात. पण आपल्याकडेही १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर आहेच, आणि २०२२मध्ये आयात चारचाकीची नूतनीकरण फी ४० हजार झाली होती. ‘पेपर क्लिअर आहेत, टेन्शन नाही’ हे वाक्य ऐकलं की टेन्शन घ्यावं.

एवढं सगळं जुळलं, रुमाल बऱ्यापैकी पांढरा राहिला, तरी सही करण्याआधी फूटपट्टी घेऊन स्वतःच्या घरी जावं. ही गाडी जमिनीपासून जेमतेम १० ते ११ सेंटीमीटर वर असते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी अलगद तरून जाते. आपल्या गल्लीतला गतिरोधक मानकाप्रमाणे नसून उरलेल्या डांबराप्रमाणे असतो. शिवाय सोसायटीच्या तळघराचा उतार जिथे सपाट होतो, तिथे नाक टेकतं. विकणाऱ्याला म्हणावं, टेस्ट ड्राइव्ह माझ्या पार्किंगपर्यंत. गतिरोधकावर गाडी तिरकी घ्यायची, एका वेळी एकच चाक. उतारावर वॉचमनकाकांना दोन फळ्या घेऊन उभं करायचं. त्या फळ्यांची रोजची व्यवस्था आणि काकांचा महिन्याचा चहा या दोन्ही गोष्टी किमतीत धरूनच भाव पाडायला बसावं.